पावसात सोन्याचं काम

सादळलेला पापड परत भाजता येतो. सादळलेल्या सोन्याचं काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

सोनं कसं सादळेल, असं विचारणाऱ्याने तंजावुरात एक ऐप्पसी, म्हणजे तमिळ पंचांगातला दिवाळीचा महिना, राहून दाखवावं. आमचा खरा पाऊस दिवाळीच्या मागेपुढे येतो आणि मार्गळी लागेपर्यंत, म्हणजे डिसेंबर निम्मा होईपर्यंत, हलत नाही. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, कपाट उघडलं की कुबट वास नाकात शिरतो. आणि त्यात मी तंजावुरी चित्रं करते. फळीवर कापड चिकटवायचं, कापडावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप द्यायचा, त्यावर त्याच मिश्रणाने दागिने, कमानी, सिंहासनं अशी उठावाची नक्षी काढायची, तीत खडे जडवायचे आणि नक्षीवर सोन्याचा वर्ख बसवायचा. या उठावाच्या कामाला आमच्याकडे मुक्कु म्हणतात. मुक्कु वरून वाळलेला दिसतो आणि आतून ओला राहतो. तशावर सोनं बसवलं की महिन्याभरात ते फुगतं आणि कडेने काळे ठिपके धरतात.

माझ्याबद्दल सांगायचं तर तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले, आणि ज्या वयात बायका गुडघ्याला तेल चोळत बसतात त्या वयात राजवाड्याजवळच्या एका गुरुजींकडे ब्रश धरायला शिकले. आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावुरात राहिलेली मराठी माणसं; देवनागरी मला हिंदीच्या परीक्षांमुळे येते, म्हणून हे लिहिते आहे. घरात आम्ही असं पुस्तकी बोललो तर एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसू. स्वभाव तापट. शाळेतल्या मुली मला मागून काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे आणि ते इथे लिहिणार नाही. पण ब्रश हातात असला की मी गरीब गाय असते, असं आमचे यजमान म्हणतात. ते माझ्याबद्दल चांगलं फारसं बोलत नाहीत, तेव्हा खरं असावं.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. पापनाशमला एक अक्का आहेत, आमच्यातल्याच, मराठी बोलणाऱ्या. घरची भातशेती, मोठं कुटुंब, बोलणं मऊ. त्यांच्यासाठी मी लोण्याचा गोळा घेतलेला बाळकृष्ण केला होता, ऐन पावसात. मासी महिन्यात, फेब्रुवारीच्या शेवटी, एका भर दुपारी त्यांची गाडी दारात उभी राहिली. चित्र टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. त्या वेळी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या चार बायका हॉलमध्ये बसल्या होत्या. अक्कांनी टॉवेल सोडला. कृष्णाच्या छातीवरचा हार पुरीसारखा फुगला होता आणि कमानीला बुरशी धरली होती.

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी दोन शब्द बोलले असते, त्यांनी चार ऐकवले असते, हिशेब मिटला असता. पण त्या म्हणाल्या, "टीचर, कला आहे हो तुमच्या हातात. पण टिकत नाही." मग म्हणाल्या, "येत्या तै महिन्यात, जानेवारीत, थोरलीचं लग्न आहे. मांडवात ठेवायला रामाच्या पट्टाभिषेकाचं चित्र पाहिजे. तुम्ही करता, की कुंभकोणमच्या चित्रकाराला सांगू?"

चार बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मीच करणार."

अक्का गेल्या, बायका गेल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. यजमान दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, "हेही चित्र फुगलं तर मी ब्रश खाली ठेवीन. वर्ख, खडे, सगळं गुरुजींकडे नेऊन देईन. पुन्हा नाव काढणार नाही." ते नुसतं "बरं" म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला, कारण मी बोलले की बोलले. एकदा रागाच्या भरात कॉफी सोडली होती, ती नऊ वर्षं प्यायले नाही. तंजावुरात राहून!

उन्हाळ्यातच चित्र उरकून टाकायचं असं ठरवलं होतं. पण वैशाखात एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं, आणि डॉक्टरांनी बारीक कामाला हात लावू दिला तोवर ऑक्टोबर उजाडून पुरट्टासी संपत आला होता. म्हणजे पुन्हा पावसातच. मी फळी तयार केली, लेप दिला, आणि दोन दिवसांनी बोट लावून पाहिलं तर लेप दह्यासारखा. पंखा लावला. शंभरचा दिवा लावला. कोळशाची शेगडी ठेवली, तर फळीच्या कोपऱ्यातलं कापड पिवळं पडलं आणि मी ओरडून घर डोक्यावर घेतलं. आमचं घर जुनंबिनं नाही, पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेलं सिमेंटचं आहे. पण कालव्याच्या बाजूची वसाहत, खाली पूर्वीची भाताची खाचरं. जमिनीला अजून आठवण आहे, ती भिंतीतून पाणी वर चढवते.

शेवटी बाजारातल्या एका दुकानात डीह्युमिडिफायर मिळाला. दुकानदार मिक्सर आणि ग्राइंडर विकणारा. हे यंत्र त्याने कोणासाठी तरी मागवलं होतं आणि त्या माणसाने ते नेलंच नव्हतं. हवेतली ओल शोषून खालच्या डब्यात पाणी करून साठवतं म्हणे. यजमान वीज खात्यात अधीक्षक होते, त्यामुळे कुठलंही यंत्र घरात यायच्या आधी त्याची उलटतपासणी होते. त्यांनी दुकानदाराला अर्धा तास पिळला. दुकानदाराने शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या: "सर, खोली बंद ठेवा. डबा भरला की रिकामा करा. आणि अम्मा, त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका." त्याने हवेतली ओल दाखवणारं एक घड्याळासारखं उपकरणही दिलं. काटा पन्नास-पंचावन्नच्या आसपास आला की काम सुरू करा, म्हणाला.

आम्ही आज्ञाधारक माणसं. मागची खोली मी चित्रांसाठी वापरते, तिथे खिडकीशी एक दोरी होती, पावसात टॉवेल, परकर टाकायला. ती त्याच संध्याकाळी कापून टाकली. घरातले सगळे ओले कपडे गच्चीच्या पत्र्याखाली गेले. त्यांना तिथे वास यायला लागला तरी मी एक रुमालसुद्धा खोलीत येऊ दिला नाही.

यंत्र सुरू झालं. घुर्र घुर्र आवाज, आणि दुसऱ्या दिवशी डबा काठोकाठ! यजमानांना इतका आनंद झाला की विचारू नका. त्यांनी यंत्राचं नाव अगस्त्य ठेवलं, समुद्र पिऊन टाकणारा मुनी म्हणून, आणि डब्याला कमंडलू म्हणायला लागले. रोज कॉफीनंतर ते मागच्या खोलीत जायचे आणि तिथून हाक यायची, "अगे, पळे! कमंडलू भरला!" पळे म्हणजे आमच्या बोलीत बघ. मी बघायची. दोन लिटर पाणी, स्वच्छ, हवेतून काढलेलं! मग ते पाणी जास्वंदीला घालायचं, आणि शेजारचे कोणी फाटकाशी दिसले तर त्यांना सांगायचं, "दोन लिटर. रोज. हवेतून." शेजाऱ्यांना वाटलं असेल की निवृत्तीनंतर माणूस बिघडला.

पण काटा काही खाली यायला तयार नाही. संध्याकाळी अडुसष्ट, सत्तर. सकाळी मी कामाला बसते तेव्हा परत ब्याऐंशी. लेप कसाबसा वाळला. मी रामाच्या सिंहासनाचा मुक्कु केला, चार दिवस थांबले, आणि नखाने दाबलं तर नख रुतलं.  लग्नाला दोन महिने उरले होते. अजून वर्ख बसवायचा होता, मग रंग, मग चौकट. एक आठवडा असाच गेला, मग दुसरा.

"अहो, तुमचा अगस्त्य काही कामाचा नाही," मी म्हटलं.

"कामाचा नाही? रोज दोन लिटर पितो आहे बिचारा! दोष तुझ्या डिंकात असेल."

डिंकात! मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. मग मनात आलं, कुठून तरी हवा आत येत असणार. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. दाराखाली जुनी सतरंजी कोंबली. संध्याकाळी दिवेलागणीला पुढचं दार लक्ष्मीसाठी उघडं ठेवायची आमची पद्धत, तेही मी आठ दिवस अर्धंच उघडलं आणि देवीला मनातल्या मनात सांगितलं, जरा तिरकी ये बाई. भाताच्या कुकरवर संशय घेतला. भिंतीवर संशय घेतला, तिला वाळवीचं औषध मारतात तसं काहीतरी मारून घेतलं. तीस वर्षं मुलींना सांगत आले, उत्तर चुकलं तर आधी गृहीत काय धरलं ते तपासा. आणि स्वतः मात्र सगळ्या गावाला दोष देत बसले होते.

आता आमच्या घरच्या सोवळ्याबद्दल सांगायला हवं. मोठे दीर मुलाकडे अमेरिकेत कायमचे गेले तेव्हा घरचे देव आमच्याकडे आले, आणि देवांबरोबर सोवळंही आलं. चाळीस वर्षं ऑफिसात कॅन्टीनचे वडे खाऊन पूजेला दोन फुलं वाहणारे आमचे यजमान एकदम बदलले. वडिलांनी मोठ्या मुलाला सांगितलं होतं, मोठ्याने मला, आता माझ्यावर आहे, म्हणाले. रोज अंघोळ झाली की पूजेचं धोतर आणि उपरणं स्वतः धुवायचं, काठीने उंच दांडीवर टाकायचं, आणि दुसऱ्या सकाळी तेच नेसून पूजा करायची. त्या कपड्यांना मध्ये कोणी शिवायचं नाही. मी नाही, कामवाली नाही, पाहुणा नाही. लहानपणापासून आम्हा सगळ्यांना एवढंच शिकवलेलं असतं की सोवळं वाळत असलं की लांबून जा, मान खाली घालून जा. त्यामुळे ते असतं आणि नसतं. मला यात कधी त्रास वाटला नाही. माणूस आपल्या वडिलांसाठी काही करत असेल तर करू द्यावं.

नोव्हेंबरच्या शेवटी, कार्तिगै महिन्यात, यजमान ओरत्तनाडुला गेले. तिथे त्यांच्या चुलतभावाकडे श्राद्ध होतं. सोवळ्याची पिशवी बरोबर घेऊन गेले, आणि पावसाने रस्ता खराब झाला म्हणून एक रात्र तिथेच राहिले. पहिल्या दिवशी मी अगस्त्याकडे पाहिलंच नाही. घर शांत होतं, मी मनसोक्त झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत गेले आणि डबा ओढला, तर आत अर्ध्याहूनही कमी पाणी.

 हे यंत्रही गेलं! मुक्कु ओला, लग्न तोंडावर, आणि वीज खात्यातला माणूस नेमका ओरत्तनाडुला. दुकानदाराला फोन लावला आणि तमिळमध्ये त्याच्यावर तोफच डागली. तुमच्या यंत्राने पाणी काढणं जवळजवळ बंद केलं आहे, तीन आठवडे झाले नाहीत, काय विकता काय तुम्ही लोक. तो बिचारा मध्ये मध्ये "अम्मा, अम्मा" म्हणत होता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "अम्मा, काटा किती दाखवतो?"

काटा मी पाहिलाच नव्हता. पाहिला. बावन्न!

"मग यंत्र बरोबर आहे अम्मा. हवेत पाणीच नाही तर ते काढणार कुठून? आधी खोलीत काहीतरी ओलं असणार, ते आता नाही."

"काही ओलं नव्हतं," मी ठणकावून सांगितलं. "एक रुमालसुद्धा नव्हता."

फोन ठेवला आणि मान वर केली. का केली, ते सांगता येत नाही. बहुतेक देवाला हाक मारायला. वर, छताखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सोवळ्याची दांडी होती. रिकामी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पुरट्टासीत देवघरावरचं छत गळायला लागलं तेव्हा यजमानांनी दांडी मागच्या खोलीत हलवली होती. मला विचारून हलवली होती. अगस्त्य आल्यावर मोठ्या कौतुकाने म्हणालेही होते, "या खोलीत सोवळं फार सुरेख वाळतं आता." आणि मी "हो का, बरं झालं" म्हटलं होतं! रोज सकाळी सहा वाजता नऊ हात धोतर आणि उपरणं, फार न पिळलेलं, कारण पिळून पीळ पडलेला त्यांना चालत नाही, माझ्या चित्राच्या डोक्यावर लोंबत होतं. मी सात वाजता त्याखाली बसून मुक्कु करत होते. दुकानदाराने कपडे वाळत घालू नका सांगितलं, आम्ही एकही कपडा घातला नाही. सोवळं हा कपडा आहे, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तो वेगळाच पदार्थ, देवाघरचा. त्यातून पाणी निघतं हे कोणाला सुचणार?

मी जमिनीवर बसून हसत सुटले. एकटीच, पोट दुखेपर्यंत. मग हसता हसता राग आला. तीन आठवडे! आणि वर दोष माझ्या डिंकात!

सुंठीवाचून खोकला गेला होता खरा, पण सुंठ संध्याकाळच्या बसने परत येणार होती. मी दिवसभर भाषण तयार केलं. ते घरात आले, पाय धुतले, कॉफी घेतली, आणि मी सुरू झाले. काटा दाखवला, डबा दाखवला, दांडी दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शक्य नाही. धोतरात असं कितीसं पाणी असणार?"

"वजन करा," मी म्हटलं. गणिताच्या बाईशी वाद घालू नये.

दुसऱ्या सकाळी त्यांनी खरोखर वजन केलं. मला शिवायची मुभा नव्हती, म्हणून स्वतःच स्वयंपाकघरातला वजनकाटा धुऊन घेतला, त्यावर धोतर-उपरणं कोरडं ठेवलं, मग धुऊन ओलं ठेवलं. मी दारातून वजाबाकी केली. सव्वा लिटरच्या वर पाणी! म्हणजे कमंडलूतला अर्ध्याहून जास्त भाग हवेचा नव्हता, आमच्या नहाणीघरातल्या नळाचा होता. यजमान ते ओलं धोतर हातात धरून उभे राहिले. "आणि मी लोकांना सांगत होतो," एवढंच म्हणाले. मला त्यांची कीव आली, पण थोडीच.

आता पुढे काय? सोवळं दुसरीकडे वाळवायचं म्हटलं तर त्या पावसात घरात कुठेही एका दिवसात वाळणार नव्हतं. रेशमी वस्त्र रोज धुवायला लागत नाही, पण त्यांच्या रेशमी वस्त्राला ऐप्पसीतच बुरशी धरली होती. पूजा सोडा, असं मी म्हणणार नव्हते. तोंडापर्यंत आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण वडिलांचं नाव मध्ये होतं. मी म्हटलं, "राहू द्या. मी चित्र पुढच्या खोलीत हलवते." पुढच्या खोलीला तीन दारं आहेत आणि एकही नीट लागत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मला शिंकांनी जाग आली. देवघरासमोर यजमान उभे होते, अंगावर सोवळ्याचं धोतर, आणि त्यातून टपटप पाणी गळत होतं. नहाणीघरापासून देवघरापर्यंत ओल्या पावलांची रांग. धोतर धुवायचं आणि तसंच ओलं नेसून पूजा करायची. ओलेत्याने केलेली पूजा म्हणजे कडक सोवळं, त्याला कोणी नाव ठेवू शकत नाही. पण हे उन्हाळ्यात ठीक, आणि तेही तरुण माणसाने. यांचं वय सदुसष्ट. बाहेर पाऊस, अंगावर काटा, मंत्रात मध्येच शिंक.

"अहो, काय चाललंय हे? आजारी पडाल!"

"बोलू नको, पूजा चालू आहे."

पूजा झाल्यावर मी टॉवेल घेऊन मागे लागले. ते डोकं पुसता पुसता म्हणाले, "तुझं सोनं वाळायला खोली पाहिजे. माझं काय, अंगावर वाळतं."

एवढंच. मग कॉफी मागितली. मी कॉफीत सुंठ घातली आणि पाठ फिरवून उभी राहिले, कारण डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसलं असतं तर त्यांनी त्याचंही वजन विचारलं असतं. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी गजरा आणून दिला नाही. त्या सकाळी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की दारात उभं राहून साऱ्या वसाहतीला ओरडून सांगावं.

एकवीस दिवस ते ओलेत्याने उभे राहिले. मी रोज मिरीचं सार केलं, आणि दह्यातल्या थंड डांगर पच्चडीऐवजी गरम गरम अंबटी, म्हणजे आमटी. दांडी खोलीतून काढून टाकली. काटा त्रेपन्नवर येऊन बसला आणि तिथेच राहिला. सिंहासनाचा जुना मुक्कु मी खरवडून टाकला आणि पुन्हा केला. तिसऱ्या दिवशी नखाने दाबला. नख सरकलं, खूण नाही. बोटाच्या पेराने ठोकलं, टक्क आवाज. मी एकटीने खोलीत दोन्ही हात वर करून नाचले, हे आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

मग रामाचा मुकुट, सीतेच्या बांगड्या, भरताच्या हातातलं छत्र, हनुमंताच्या गळ्यातली माळ. खडे बसवले. वर्ख घातला. वर्ख ओल्या मुक्कुवर बसतो तेव्हा मरगळलेला असतो, हे मला तोवर कळलंच नव्हतं, कारण मी पावसाळ्यात दुसरा पाहिलाच नव्हता. या वेळी तो कडांवर असा घट्ट बसला की नक्षीचा प्रत्येक मणी वेगळा मोजता येत होता. बाहेर तीन दिवस सूर्य दिसला नव्हता आणि माझ्या मागच्या खोलीत रामाचं सिंहासन लखलखत होतं. यजमान दारात येऊन बघत, शिंकत, आणि शिंक आली की चित्रापासून तोंड फिरवून धावत बाहेर जात. कमंडलूत रोज पाऊण लिटर पाणी. ते आता फाटकाशी कोणाला काही सांगत नसत.

तै महिन्यात, लग्नाच्या चार दिवस आधी, आम्ही चित्र गाडीत आडवं ठेवून पापनाशमला नेलं. घरात पाहुणे भरलेले, ओसरीवर केळीचे घड, आत बायका मुरुक्कु, म्हणजे चकल्या, तळत होत्या. चित्र पाटावर उभं केलं. बायका हात पुसत गोळा झाल्या. अक्का पुढे आल्या. त्यांनी चष्मा लावला आणि अंगठ्याने सिंहासन दाबलं. मग मुकुट. मग सीतेचा हार, मग कमान, इकडून तिकडे, एकेक मणी.  अंगठा कुठेही रुतला नाही, वर्ख कुठेही हलला नाही. त्यांनी चित्र उलटं करून पाठीमागचं कापड हुंगलं. मग सरळ ठेवलं आणि रामाला हात जोडले.

कोणीतरी मागून विचारलं, "उन्हाळ्यात केलेलं दिसतंय, नाही?"

"नाही," मी म्हटलं. "पावसात."

अक्का माझ्याकडे वळल्या. "टीचर, धाकटीचंही पुढच्या तै महिन्यात उरकायचं आहे. तिच्यासाठी याहून मोठं पाहिजे. पण उन्हाळ्यात आम्ही काशीला जाणार, फळी पसंत करायला येईपर्यंत तुमच्याकडे पाऊस सुरू झालेला असेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. सगळ्या बायकांसमोर विचारायचं की नाही, असं त्यांच्या मनात असावं. "पावसात जमेल का?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्कांकडे पाहिलं, आणि मागे तळणाऱ्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पावसातच करते मी."